पुंडलिकरावांच्या पेट्या आणि मी

मित्रांनो, माझं वजन तेवीस किलो आहे, आणि एवढं वजन घेऊन मी माझ्या पदरचं काहीही घालू नये, अशी माझ्या मालकाची इच्छा होती.

हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून आधी माझं काम सांगतो. मी पॉवर अॅम्प्लिफायर आहे. गाणं जिथून निघतं ती यंत्रं फार बारीक बोलतात, इतकी की त्यांच्या विजेने स्पीकरचा पडदा हलतसुद्धा नाही. मी मध्ये उभा राहतो आणि तीच वीज मोठी करून पुढे देतो. बाजारात मिळणारे माझे भाऊबंद हे करताना थोडं आपलं घालतात. कुणी खालचा आवाज फुगवतो, कुणी वरच्याला चकाकी आणतो. लोकांना ते आवडतं. गुलाबरावांना ते आवडत नसे.

गुलाबराव सोमकुंवर यांचं सौंसरला बस स्टँडच्या मागे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. भोंगे भाड्याने लावण्याचा धंदाही होता, आणि त्यांचं नाव झालं ते भोंग्यांनीच. चौदा एप्रिलला ते विहारापासून बाजारापर्यंत तीस भोंगे एकाच तारेवर लावत. शेवटच्या भोंग्याखाली उभ्या असलेल्या माणसालाही भाषणाचा शब्द न् शब्द कळे. लोधीखेड्यापासून बोरगावपर्यंत लोक त्यांना 'तीस भोंगेवाले' म्हणून ओळखत.

भोंग्यांचं काम पोटासाठी होतं. मला त्यांनी हौसेने बनवलं. माझा लोखंडी डबा एका कूलर बनवणाऱ्याने वाकवून दिला. दोन्ही बाजूंच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पंखळ्या एका बंद पडलेल्या वेल्डिंग मशीनमधून आल्या. ट्रान्सफॉर्मर मात्र त्यांनी स्वतः गुंडाळला. ते तांब्याची तार ओढत आणि त्यांची मुलगी अर्चना समोर बसून वेढे मोजत असे. अर्चना लोधीखेड्याच्या शाळेत शिकवते. तिला वाचनाचं वेड. एका हाताने पुस्तक धरून ती मोजत होती, आणि दोनशेच्या पुढे कुठेतरी चुकली.

"किती झाले?" गुलाबरावांनी विचारलं.

"दोनशे बारा. नाही तं बावीस."

"मंग उलगड."

सगळी तार उलगडली. दुसऱ्या वेळी पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवावं लागलं.

माझी परीक्षा घेण्याची त्यांची एक पद्धत होती. स्पीकरपाशी बसवलेल्या दुसऱ्या यंत्राकडे तेच गाणं एकदा माझ्यातून जाऊ देत आणि एकदा मला वगळून. दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा ठेवत. अर्चनाने पाठ फिरवून बसायचं आणि मी कधी आहे ते ओळखायचं. सुरुवातीला ती लगेच ओळखायची. "आता आहे. झांज खरखरून राहिली." मग गुलाबराव महिना-महिना माझ्या पोटात हात घालून बसत. दीड वर्षाने एका रविवारी ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाबा, मले नाही कळून राहिलं."

 गुलाबरावांनी डाग देण्याची सोल्डरगन बंद केली आणि तिला सांगितलं, "विहिरीत वाकून पायलं तं तळाचा गोटा दिसला पायजे. पाणी दिसलं तं समज, गढूळ हाये."

मित्रांनो, मला मिळालेली ही एकमेव शाबासकी. माझ्याविषयी काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं, हीच ती शाबासकी.

बाकी कुणाला माझं कौतुक नव्हतं. डीजे लावणारी पोरं दुकानात येत, मला ऐकत आणि एकमेकांकडे बघत. एकाने विचारलं, "काका, याच्यात बास कोठी हाये?"

"गाण्यात असन तं येईन," गुलाबराव म्हणाले.

आता मला कुणासाठी बनवलं ते सांगतो. पांढुर्ण्याला पुंडलिकराव म्हणून संत्र्यांचे बागायतदार आहेत. त्यांना पखवाज ऐकण्याचा शौक. चार वर्षांपूर्वी नागपूरच्या एका निवृत्त इंजिनियराकडून त्यांनी दोन मोठ्या स्पीकरपेट्या आणल्या. कमरेइतक्या उंच, चारी बाजूंनी बंद, एकट्याला न उचलणाऱ्या. पेट्या उत्तम होत्या आणि खाष्ट होत्या. त्यांच्यावर दोन अॅम्प्लिफायर जळाले. तेव्हा पुंडलिकरावांनी आपल्या जुन्या ओळखीच्या गुलाबरावांना निरोप पाठवला.

पेट्या खाष्ट म्हणजे काय, तर असं पाहा. स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप म्हणजे ओम. जो जास्त अडवतो तो थोड्या विजेत भागवतो. जो कमी अडवतो तो ओढतच राहतो. या पेट्यांच्या पाठीवर चार ओम छापलेलं होतं. गुलाबरावांचा छापलेल्यावर विश्वास नव्हता. त्यांनी पेट्या छोट्या टेम्पोतून सौंसरला आणवल्या, तीन दिवस दुकानात ठेवल्या आणि एकेक सूर वाजवून मोजल्या. तीन दिवस गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरच उभं राहिलं. मोजमापातून कळलं ते असं: पखवाजाची डावी बाजू घुमते नेमकी त्या जागी या पेट्या चाराच्या अडीच ओम होतात. सपाट रस्त्यावर गाडी ओढणाऱ्या बैलापुढे अचानक चढ यावा, तसं. शिवाय त्या आवाज मोठा करायलाही आळशी. थोडक्या विजेत त्या कुजबुजतात फक्त.

म्हणून गुलाबरावांनी मला अडीचसाठी नाही, दोन ओमसाठी बांधलं. अर्धा ओम त्यांनी हातचा ठेवला. तपासताना स्पीकरऐवजी हीटरची तार जोडत, आणि ती तापू नये म्हणून पाण्याच्या बादलीत बुडवत. मी तासन्‌तास त्या बादलीला वीज पाजली. अर्चनाची आई पुष्पाबाई दारातून बघत आणि म्हणत, "चला, कपडे धुवाले कोमट पाणी तं झालं. दोन वर्षांत यवढा तरी फायदा."

माझ्यात एक रिलेही बसवला होता. भार सोसण्यापलीकडे गेला की तो 'टक्' करून तार तोडतो, म्हणजे मीही वाचतो आणि स्पीकरही वाचतो. बादलीपुढे तो कधी पडला नाही.

पांढुर्णा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर, मला पुंडलिकरावांच्या बैठकीत नेलं. बैठक म्हणजे रस्त्याकडची पहिली खोली. त्या दिवशी तिथे बाजारातले चार-पाच जण आधीच येऊन बसले होते. घराला प्लास्टर झालं तेव्हा पुंडलिकरावांचा मुलगा गजेंद्र याने स्पीकरच्या तारा भिंतीतून नेल्या होत्या, दिसू नयेत म्हणून. टेबलामागे भिंतीत पितळी पेचांचा एक बोर्ड होता. माझी तार त्या बोर्डाला लावायची, की आवाज समोरच्या कोपऱ्यातल्या पेट्यांत.

गुलाबरावांनी तार लावली. चहा आला. पखवाजाची फीत सुरू झाली.

तार लागली त्याच क्षणी मला कळलं की पलीकडे काहीतरी जास्त आहे. पेट्यांची ओढ मला मोजून शिकवलेली होती. ही ओढ तेवढी नव्हती, जवळजवळ दुप्पट होती. पण मला बोलता येत नाही. जे आत येतं ते मोठं करून देणं एवढंच मला जमतं, आणि आपल्याकडचा एक शब्दही त्यात घालायचा नाही, हे तर माझ्या अंगात दीड वर्ष खपून भरलेलं. मी सोसत राहिलो.

दहा मिनिटं सगळं छान चाललं. पुंडलिकराव डोळे मिटून बसले होते. मग म्हणाले, "वाढवा थोडा."

गुलाबरावांनी वाढवला. पखवाज घुमला आणि माझा रिले पडला. टक्. खोलीत शांतता. काही सेकंदांनी तो आपोआप जुळला, पुन्हा पखवाज आला, पुन्हा टक्. तिसऱ्या वेळी गुलाबरावांनी मला बंद केलं.

"गुलाबराव," पुंडलिकराव म्हणाले, "तुमच्या मशीनचा उपास हाये का आज?"

लोक हसले. गुलाबरावही थोडे हसले. त्यांनी माझ्या अंगाला हात लावून पाहिला, पंखळ्या किती तापल्या ते बघितलं. पुंडलिकराव मनाने वाईट नाहीत. त्यांनी समजुतीच्या आवाजातच सांगितलं, "माल साफ हाये. येकदम साफ. पण याच्यात दम नाही."

मित्रांनो, एवढंच वाक्य. पण ऐकणारे बाजारातले होते, आणि बाजारातलं वाक्य पांढुर्ण्याहून सौंसरला पोचायला फार वेळ लागत नाही. त्या मोसमात दोन लग्नांचे भोंगे दुसऱ्या माणसाकडे गेले. पानठेल्यावर कुणी म्हणालं, "तीस भोंगेवाले दोन डब्ब्यायसमोर हारले." गुलाबरावांनी ते ऐकलं आणि पान घेऊन आले.

मला त्यांनी पुन्हा दुकानातल्या टेबलावर घेतलं, झाकण काढलं आणि पुन्हा बादली लावली. मी पुन्हा तासभर चाललो. रिले पडला नाही. ते वेताचा मोडा टाकून बराच वेळ माझ्यासमोर बसले. मग वहीत लिहिलं: 'पांढुर्णा. दहा मिनिटांनी रिले पडला. तीनदा. माझं गणित चुकलं.' आणि त्याखाली काहीच नाही.

जानेवारीत एका सकाळी चहा पिताना त्यांना घाम सुटला. अर्चना आणि शेजारचे लोक त्यांना गाडीत घालून नागपूरला निघाले. ते वाटेतच गेले.

पुष्पाबाईंनी जुन्या लुगड्याचा तुकडा माझ्यावर टाकला. त्याखाली मी दोन महिने होतो. झाकण काढलेलंच होतं, त्यामुळे धूळ आत बसत होती. दुकानाचं शटर आठवड्यातून एकदा अर्धं वर व्हायचं. एकदा डीजेवाला येऊन गेल्याचं पुष्पाबाईंनी अर्चनाला सांगितलं.

"त्याले यातला ट्रान्सफॉर्मर पायजे. बाकी भंगार म्हणे. देऊन टाकू का?"

"नको, आई."

"मंग तू काय करून राहिली त्याचं? तुया बाबालेच तं नाई जमलं."

 हेच वाक्य अर्चनाच्याही मनात होतं, हे मला त्यानंतर दिसलं. कारण दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने कापड काढलं, दाढीच्या ब्रशने माझी धूळ झाडली आणि वही उघडली. पेट्यांची तीन दिवसांची मोजमापं तिने पहिल्यापासून वाचली. ती कादंबरी वाचावी तशी वाचत होती, मागे जाऊन, पुन्हा पुढे येऊन. शेवटच्या पानावरच्या तीन शब्दांशी ती थांबली.

मित्रांनो, तिला माझी किंमत येते का, हे बघायचं नव्हतं. मला परत कुणाच्या घरी बसवायची हौसही नव्हती. तिला एवढंच हवं होतं की ते तीन शब्द खरे आहेत की नाहीत ते कळावं. खरे असते तर तिने ते मान्य केलं असतं. तिचे वडील माणूस होते, गणित चुकूही शकतं. पण न तपासता मान्य करायचं, हे त्याच माणसाने तिला शिकवलेलं नव्हतं.

तिने बादली भरली. दोन ओमला मी चाललो. मग तिने हीटरची तार थोडी थोडी आखूड करत नेली. दीड ओमच्या जवळ रिले पडला. टक्. तिने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तिथेच. म्हणजे पांढुर्ण्याला माझ्यावर दीड ओमचा भार होता, आणि पेट्या तर अडीचच्या खाली जात नव्हत्या. एकतर वहीतली मोजमापं खोटी होती किंवा त्या घरात पेट्यांशिवाय आणखी काहीतरी होतं.

तिने पुंडलिकरावांना फोन लावला. गुलाबराव गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, तेराव्या दिवशी ते येऊनही गेले होते. तिने कारण सांगितलं.

"आता काय फायदा, बाई? पेट्या मी काढूनच टाकून राहिलो. नागपूरचा येक जण रविवारी येते घ्याले."

"काकाजी, मी शनिवारी येऊ का? एक तास."

"ये ना. तुले नाई कोन म्हनन?"

शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी रिक्षात मला मधल्या सीटवर बसवून ती पांढुर्ण्याला निघाली. रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, इन्व्हर्टर हाये का?" ती "हो" म्हणाली. लोक मला ओळखतात तेवढंच.

बैठकीत पुंडलिकराव आणि गजेंद्र होते. त्या दिवशी बाजारातलं कुणी नव्हतं. पुंडलिकरावांच्या पत्नी वच्छलाबाई पाणी घेऊन आल्या आणि दाराशीच थांबल्या. अर्चनाने मला टेबलावर ठेवलं, पण तार लावली नाही. आधी पिशवीतून मीटर काढलं.

"हे काय?" पुंडलिकराव म्हणाले. "नाई हालहवाल, नाई चहा. पयले मीटरच?"

"चहा घेईन काकाजी. हे पहिले करू द्या."

तिने पेट्यांच्या पाठीमागच्या तारा सोडवल्या. दोन्ही पेट्या मोकळ्या केल्या. मग येऊन भिंतीतल्या बोर्डाला मीटर लावलं. आता त्या तारेच्या टोकाला काहीच नव्हतं, त्यामुळे मीटरने काहीच दाखवायला नको होतं. मीटरने सव्वातीन ओम दाखवले. तिने दुसऱ्या बाजूचे पेच तपासले. तिथेही सव्वातीन.

तिने पेचांमागची तार चाचपून पाहिली.

"गजेंद्रदादा, ही तार अजून कुठं जाते?"

"कोठी जाईन? पेटीत."

"पेट्या काढल्या मी. तरी पलीकडे कोणीतरी आहे."

गजेंद्रने डोकं खाजवलं. मग आठवून म्हणाला, "मांगं छपरीत दोन डब्बे हायेत. संत्रा छाटणाऱ्या बायायसाठी लावले होते. पण थे कधीचे बंद हायेत. येका लग्नात जोरात वाजवले अन् जळाले. आवाजच येत नाई त्यातून."

"बघू शकते?"

वच्छलाबाई दारातून बाजूला झाल्या. "ये ना बाई. पाय ना."

मी बैठकीतच राहिलो. तिची पावलं मधल्या खोलीतून गेली, स्वयंपाकघरातून गेली, मागच्या अंगणात उतरली आणि मग ऐकू येईनाशी झाली. बराच वेळ काही नाही. पुंडलिकराव माझ्याकडे बघत बसले होते. मग पावलं परत आली. अर्चनाच्या हातात धुळीने माखलेला एक स्पीकर होता, त्याच्या डब्यातून काढलेला. पडदा करपलेला. तिने त्यावर बोट दाबलं. तो हलला नाही.

"आतली गुंडाळी जळून चुंबकात अडकली आहे," ती म्हणाली. "हलत नाही म्हणून आवाज नाही. पण तार तुटलेली नाही. वीज जाऊन राहिली यातून. पेटीच्या बरोबरीनं ओढतात हे दोघं."

"मुके हायेत, पण खाऊन राहिले," पुंडलिकराव म्हणाले.

"हो."

"म्हंजे आधीचे दोन मशीन?"

"तेही बहुतेक यांनीच जाळले."

गजेंद्र भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "पण ताई, तुमच्या बाबानं तं जयंतीले तीस भोंगे येका तारेवर लावले होते. मी सोता पायलं. म्हनून मले वाटलं, तीस चालते तं दोनानं काय होते."

यात त्याची लबाडी नव्हती. या भागात ज्याने ज्याने ती जयंती पाहिली, त्या प्रत्येकाला असंच वाटलं असतं. अर्चनाने त्याला सांगितलं की प्रत्येक भोंग्याच्या पाठीत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो भोंग्याला मोजकीच वीज घेऊ देतो, म्हणून एका तारेवर तीस मावतात. घरातल्या स्पीकरला तसा काही लगाम नसतो. गजेंद्रने मान हलवली. मग म्हणाला, "कोनी सांगितलं असतं तं काढलेच असते ना मी."

"बाबांना माहीतच नव्हतं ते आहेत म्हणून," अर्चना म्हणाली.

मित्रांनो, इथे मला एक गोष्ट लपवता येणार नाही. गुलाबरावांनी त्या दिवशी बोर्डाला मीटर लावलं असतं तर त्यांनाही कळलं असतं. मीटर त्यांच्या पिशवीतच होतं. जो माणूस पाठीवर छापलेले चार ओमसुद्धा मानत नव्हता, त्याने दुसऱ्याच्या भिंतीतली तार न मोजता मानली. अर्चनाच्याही मनात तेच आलं असावं, कारण ती मीटर बंद करताना म्हणाली, "त्यांनी विचारायला पाहिजे होतं. तार कुठं कुठं जाते ते."

"आत या, म्हून म्या कितीक डाव म्हटलं असन त्यायले," वच्छलाबाई म्हणाल्या. "पेट्या पायाले आले तवाबी, टेम्पो घेऊन आले तवाबी. पण थे बैठकीतच बसत. अंगनातलं पाणी प्याचं असलं तरी गजेंद्रले मागत. आमी काई मनाई केली नवती."

 पुंडलिकरावांनी चष्मा काढून पुसला.

"मनाई नवती," ते म्हणाले. "पण मी बलावलंही नवतं. पंधरा वर्षं येत होते थे माह्याकडं. चाला, घर दाखवतो, म्हनून मी कधी उठलो नाई."

 बाहेर ट्रॅक्टर गेला.

मग अर्चनाने छपरीकडे जाणाऱ्या तारा बोर्डातूनच सोडवल्या, पेट्या पुन्हा जोडल्या, मीटरवर बघितल्या आणि मग मला तार लावली. ती ओढ मी ओळखली. तीन दिवस मोजून शिकवलेली. पखवाजाची तीच फीत लागली. पुंडलिकरावांनी "वाढवा" म्हटलं नाही, अर्चनानेच वाढवलं. त्या दिवशी जिथपर्यंत नेलं होतं तिथपर्यंत, आणि मग त्याच्या पुढे.

पखवाज घुमला. पखवाजाच्या डाव्या बाजूला घुमण्यासाठी लावलेली कणीक, तिच्यावर पडलेला तळवा, थाप संपल्यावर वादकाने घेतलेला श्वास, हे सगळं पुढे गेलं. मी काहीही केलं नाही. रिले पडला नाही. पंखळ्या तापल्या, तेवढ्या तापायलाच हव्या होत्या.

फीत अर्धा तास चालली. वच्छलाबाई पहिल्यांदाच बैठकीत येऊन खुर्चीवर बसल्या होत्या. शेवटी पुंडलिकराव म्हणाले, "याच्यात दम नाही म्हनलं होतं मी."

"हो," अर्चना म्हणाली.

"कोनाकोनासमोर म्हनलं थे बी आठोते मले."

 'असू द्या काकाजी' असं म्हणायची तिथे रीत आहे. तिने ते म्हटलं नाही, आणि पुंडलिकरावांनीही त्याची वाट पाहिली नाही. त्यांनी गजेंद्रला नागपूरच्या माणसाला फोन करायला सांगितलं, उद्या येऊ नको म्हणून. मग त्यांनी स्वतः बाजारातल्या एकेकाला फोन लावले. चौघांना लागला, पाचवा उचलत नव्हता. प्रत्येकाला तेच सांगितलं, वाढवून नाही आणि कमी करून नाही: "गुलाबरावचं मशीन बरोबर होतं. माह्या घरची तार खराब होती." पाचव्याला मोटारसायकलवर जाऊन सांगतो म्हणाले. "आजच जातो," ते म्हणाले. "उद्यावर टाकलं तं राहून जाते."

अर्चनाने चहा घेतला. मला परत नेण्याचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "हा या पेट्यांसाठीच बनवला आहे. दुसरीकडे याचा काही उपयोग नाही." मग ती एकटीच बसने सौंसरला गेली.

तेव्हापासून मी या बैठकीत आहे. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास चालतो. पुंडलिकराव आठ दिवसांनी कोरड्या फडक्याने मला पुसतात. माझ्यावर वर्तमानपत्र ठेवू देत नाहीत, कारण मला वारा लागतो. तुमच्याकडेही माझ्यासारखं काही असेल तर एवढं जरूर करा. फ्यूज गेला तर तेवढ्याच मापाचा घाला, जाड तार खुपसू नका. रिले पडला तर त्याला शिव्या देऊ नका. तो पडतो म्हणून बाकीचं शाबूत राहतं.

आणखी एक सांगतो. गुलाबराव आपलंच गणित चुकलं असं समजून गेले. ते आता कुणालाही त्यांच्यापर्यंत पोचवता येणार नाही. अर्चनालाही नाही आणि मला तर नाहीच, मी त्यांच्या जिवंतपणीही सांगू शकलो नव्हतो. पण मित्रांनो, तुमच्या घरात, तुमच्या वर्गात, तुमच्या कामावर कुणीतरी चालता चालता मध्येच थांबत असेल. त्याच्यात दम नाही असं म्हणण्यापूर्वी उठा आणि त्याच्यावर मागच्या बाजूने आणखी काय काय बांधलं आहे ते जाऊन बघा. दार बहुतेक उघडंच असतं.